पाणी मांगं काहून गेलं

गोपाल भुयारला निवांत बसलेलं परतवाड्यात कुणी पाहिलं असेल, तर त्यानं पुढे येऊन सांगावं. माणूस चहासुद्धा उभ्यानं पितो. लग्नाच्या पंगतीत बसला तर मठ्ठा वाढायच्या आत उठतो. कीर्तनाला गेला तर खांबाला टेकून या पायावरचा भार त्या पायावर टाकत राहतो आणि आरतीआधीच चपला शोधायला लागतो. गावाबाहेर त्याचं तीन एकर रान आहे. वांगी, फुलकोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर. तिथेही एका वाफ्याचं पाणी पुरतं भरायच्या आत तो दुसऱ्या वाफ्यावर पोचलेला असतो. त्याची आई तानुबाई जिवंत होती तोवर म्हणायची, "याच्या तळपायाखाली देवानं निखारे ठेवले हाये."

उन्हाळ्यात, पेरणीआधी रानं रिकामी असतात तेव्हा, गोपाल यात्रेची बस नेतो. तिरुपती, रामेश्वरम, कन्याकुमारी. चाळीसेक माणसं, दोन स्वयंपाकिणी, डिकीत शेगड्या आणि पातेली. जेवण चांगलं, गाडी जपून चालवणार, आणि गोपालभाऊचा एकच जाच : समुद्रात कुणी उतरायचं नाही. घोट्यापर्यंतसुद्धा नाही. हा नियम निघायच्या दिवशी तो बसमध्ये उभा राहून सांगतो, तेव्हा माणसं एकमेकांकडे पाहून हसतात. समुद्र पाहायला सतराशे किलोमीटर जायचं आणि पाय कोरडे घेऊन परत यायचं!

यंदा एप्रिलमध्ये त्याच्या मुलीची, मंजुषाची, नोकरीची ऑर्डर आली. स्टाफ नर्स. चोवीस वर्षांची पोरगी, अमरावतीत शिकून आलेली. तिनं कागद बापाच्या हातात दिला. गोपालनं तो दोनदा वाचला आणि अंगणात येरझारा घालायला लागला.

"रत्नागिरी जिल्हा," तो म्हणाला.

"हो."

"दवाखान्यापासून समुद्र किती दूर हाय?"

"मोजाले गेलती का मी, बाबा?"

"विचारून घे. अन् किती उंचावर हाय, तेबी विचार. अकोल्यात जागा नाई निघत का? चिखलदऱ्याले पोस्ट असन पाह्य. थंड हवा, डोंगर."

मंजुषानं कागद परत घेतला, घडी घातली आणि शांतपणे म्हणाली, "जूनमध्ये हजर व्हायचं आहे. त्याच्या आधी मले तो किनारा पाह्याचा हाय. आई गेली तो. यंदाच्या यात्रेत मी येऊन रायली."

गोपालचे पाय थांबले. मग पुन्हा चालू झाले, पहिल्यापेक्षा जास्त वेगानं.

*

एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गोपाल तेव्हा एकोणतीस वर्षांचा, दुसऱ्याच्या यात्रा बसवर ड्रायव्हर. त्या हिवाळ्यात बसची स्वयंपाकीण ऐन वेळी आजारी पडली म्हणून त्याची बायको शकुन सोबत आली. तीन वर्षांची मंजुषा आजीजवळ ठेवली होती. शकुननं त्याआधी शहानूर धरणाहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं.

सव्वीस डिसेंबर, रविवार. कन्याकुमारीच्या अलीकडे पाच-सहा किलोमीटरवर मासेमारांच्या एका वस्तीजवळ बस थांबली. रस्ता उंचावर, खाली वाळू. स्वच्छ ऊन, वारा मंद. शेगड्या पेटल्या, पोहे झाले, भांडी विसळून झाली. गोपाल मागच्या चाकाशी वाकून नट आवळत होता. पावणेदहाच्या सुमारास खाली गलका झाला. आधी पाणी थोडं चढलं, वाळूवर काढलेल्या चपला भिजल्या, बायका हसत मागे पळाल्या. आणि मग पाणी मागे गेलं. मागे म्हणजे किती मागे! जिथे सकाळी होड्या तरंगत होत्या, तिथे काळे खडक उघडे पडले. खडकांवर शेवाळ चमकत होतं, खळग्यात मासे उड्या मारत होते, शिंपल्यांचा सडा पडला होता. यात्रेकरू खाली धावले. असा चमत्कार कुणी पाहिला होता?

शकुन वर बसपाशीच होती. पदराला हात पुसत ती म्हणाली, "काय होऊन रायलं हो तेथं?"

गोपालनं मान वर केली. हातात पाना होता. तो म्हणाला, "जाय ना, पाहून ये. मंजूसाठी शिंपले आन."

ती गेली.

एक म्हातारी कोळीण वस्तीतून ओरडत आली. तमिळमध्ये काय म्हणत होती, कुणाला कळलं नाही. तिचे हातवारे पाहून माणसांना वाटलं, शिंपले उचलू नका म्हणते. मग क्षितिजावर एक पांढरी रेघ दिसली. लाटेसारखी ती दिसतच नव्हती. समुद्रच्या समुद्र उंचावून चालत येत होता, आणि आवाज असा, जणू गिट्टीनं भरलेले शंभर ट्रक एकदम खाली होत आहेत. गोपाल पाना टाकून धावला. उतारावर तो अर्ध्यात असताना पाण्यानं त्याला उचललं आणि बाभळीसारख्या काटेरी झुडपात फेकलं. म्हणून तो वाचला. शकुन तिसऱ्या दिवशी सापडली.

अपघाताची सगळी हकीकत त्यानं गावात सांगितली. पाणी कसं आलं, किती आलं, किती माणसं गेली. फक्त एक वाक्य सांगितलं नाही. जाय ना, पाहून ये. ते त्यानं आईला सांगितलं नाही, सासऱ्याला सांगितलं नाही, पुढे मोठ्या झालेल्या पोरीलाही नाही.

*

परत आल्यावर त्यानं स्टिअरिंग सोडलं. भाजी घेऊन आठवड्यातून तीन दिवस अमरावतीला जायचा आणि हातगाडीवर विकायचा. राजापेठेच्या पुढे एका गल्लीत सिंधूताई राहायच्या. वकील मोरोपंतांची मुलगी, शाळेत भूगोल शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं. एके दिवशी त्या कोबी निवडत असताना दारातून गोपालला आत टेबलावर पृथ्वीचा गोल दिसला.

"बाई, एक विचारू का?"

"विचारा की."

"समुद्राचं पाणी मांगं काहून गेलं?"

सिंधूताईंना आधी कळेना. मग वर्तमानपत्रातली त्सुनामी आठवली आणि कळलं. कोबी तशीच हातात धरून त्यांनी त्याला आत बोलावलं. तो बसला नाही. उभ्यानंच ऐकत राहिला.

त्या दिवसापासून सुरू झालेलं ते शिक्षण कित्येक वर्षं चाललं. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. सिंधूताईंनी सोप्यापासून धरलं. "गव्हाच्या उभ्या पिकावरून वारा जातो, तेव्हा शेताच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत लहर जाते की नाही? पण गव्हाचं ताट जागा सोडतं का?"

"नाई. वाकते अन् उभं रायते."

"तसंच पाणी. खोल समुद्रात पाणी जागच्या जागी गोल फिरतं. पुढे जातो तो नुसता जोर. वारा जितका जास्त, जितका वेळ आणि जितक्या मोठ्या पाण्यावरून वाहील, तितकी लाट मोठी. आणि एकदा उठली की वारा थांबला तरी ती चालत राहते. हजारो किलोमीटर."

वादळाच्या भरतीचं त्यांनी चहावर शिकवलं. बशीत चहा ओतला आणि म्हणाल्या, फुंका. गोपालनं फुंकला. चहा समोरच्या काठावर चढला आणि टेबलावर सांडला. "आता कपात फुंका." कपातला चहा नुसता थरथरला. "खोल पाण्याला खालून परत यायला वाट असते. उथळ किनाऱ्यावर ती नसते, मग वारा ढकलेल तेवढं पाणी जमिनीवर चढतं. वर वादळात हवेचा दाब कमी झालेला, त्यानंही समुद्र थोडा फुगतो. त्यात भरतीची वेळ गाठ पडली, की गावंच्या गावं जातात."

आणि त्सुनामी. ती त्यांनी सगळ्यात शेवटी घेतली. त्यांनाही ती सांगवत नव्हती. समुद्राचा तळ भूकंपानं एकाएकी वर ढकलला जातो, त्याच्यावरचं सगळं पाणी, तळापासून माथ्यापर्यंत, हलतं. खोल पाण्यात ही लाट विमानाच्या वेगानं जाते, पण उंची हात-दोन हात. होडीतल्या माणसाला कळतसुद्धा नाही. किनाऱ्याशी उथळ लागलं की वेग मोडतो आणि उंची वाढते.

गोपाल एकदम म्हणाला, "घाटावानी. चिखलदऱ्याच्या घाटात पुढची गाडी हळू झाली, का मांगच्या गाड्या तिच्यावर चढाले लागतात."

सिंधूताई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. "इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला हे सुचलं नाही," त्या म्हणाल्या. "अगदी तसंच. आणि लाटेला उंचवटा असतो तसा खळगाही असतो. किनाऱ्याशी मोठा खळगा आधी पोचला, की पाणी मागे ओढलं जातं. ते मागे गेलेलं पाणी म्हणजे इशारा. तेव्हा मागे न पाहता उंचावर पळायचं. आणि पहिली लाट गेली म्हणून खाली यायचं नाही. दुसरी, तिसरी तिच्याहून मोठी असू शकते."

"किती वाजता निंगाली होती ते?"

"काय?"

"ती लाट. आमची."

सिंधूताईंनी नजर चुकवली. "आपल्या घड्याळानं साडेसहाच्या सुमाराला. सुमात्राजवळ."

साडेसहा. साडेसहाला तो दात घासत होता. सव्वातीन तास ती लाट येत होती. त्यांचे पोहे फोडणीला पडत होते, शकुन कांदा चिरत होती, आणि ती येत होती. सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हा हिंदी महासागरात तशी यंत्रणाच उभी नव्हती. पुढे ती झाली. पण गोपालच्या पायाखाली निखारे पेटले ते त्या दिवशी, त्या सव्वातीन तासांनी. बसलं की त्याला वाटायचं, आत्ता या घडीला कुठून तरी काहीतरी निघालेलं आहे आणि आपण पोहे खात आहोत.

नऊ वर्षांनी तो पुन्हा बस चालवायला लागला. लोकांना नवल वाटलं. त्याचं म्हणणं साधं होतं : "माणसं तं जाणारच. दुसरा ड्रायव्हर नेईन. त्याले काय माहीत हाय?"

*

मे महिन्यात बस निघाली. एक्केचाळीस माणसं. त्यांत नांदगाव खंडेश्वरचा ललित होता, चष्म्याचं दुकान चालवणारा, बायको आणि दोन लहान पोरींसोबत. दर्यापूरकडच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातली जयवंताबाई होती, सत्तरीची, एकटी. आणि ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर मंजुषा.

कन्याकुमारीच्या आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर गोपालनं मोबाइल पाहिला आणि ग्लास तसाच ठेवला. हैदराबादच्या समुद्र केंद्राचा इशारा होता. दक्षिणेच्या किनाऱ्यावर दोन दिवस उंच फुगवट्याच्या लाटा. खाली, पार दक्षिण महासागरात, बर्फाच्या बाजूला, आठवड्यापूर्वी एक मोठं वादळ होऊन गेलं होतं. वादळ तिथेच विरलं. त्याच्या लाटा मात्र चालत निघाल्या होत्या. केरळचे मासेमार या प्रकाराला कळ्ळक्कडल म्हणतात. चोर समुद्र. वारा नसतो, ढग नसतो, आणि निरभ्र दिवशी पाणी घरात शिरतं.

"मंजू, उद्या तेथं नको जाऊ. सरळ गावात जाऊ, देवीचं दर्शन घेऊ."

"बाबा, दरवर्षी तुमी काहीतरी काढता. लहानपणी म्हणायचे मोठी हो, मग म्हणाले शिक्षण होऊ दे."

"यंदा खरंच हाय. हे पाह्य, लिवलेलं हाय."

तिनं वाचलं. "मी पाण्यात नाही जाणार. रस्त्यावरून पाहीन. उद्याच."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बस त्या जागी थांबली. गोपालनं ती वस्तीच्याही वरच्या अंगाला, चढावर लावली, तोंड पुन्हा रस्त्याकडे करून. आता किनाऱ्याला दगडी बांध होता आणि खाली उतरायला दहा-बारा पायऱ्या. मंजुषा उतरून बांधापाशी गेली आणि कठड्याला हात टेकून उभी राहिली. गोपाल तिच्याकडे पाहू शकला नाही. त्यानं समुद्राकडे पाहिलं.

पाणी कसं होतं? तव्यासारखं. आकाश कोरं. खाली दुसऱ्या कुठल्याशा बसची माणसं पाण्याच्या कडेला फोटो काढत होती. गोपालनं एक लाट फुटताना पाहिली आणि मनात आकडे मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. जवळच्या वाऱ्याची लाट असली की सहा-सातला दुसरी येते. सात झाले. दहा झाले. पंधरा. अठराला दुसरी फुटली, आणि फुटून वाळूवर जी चढत गेली ती चढतच गेली. पुन्हा मोजलं. अठरा. जितकी दुरून आलेली, तितकं दोन लाटांमधलं अंतर लांब; हे सिंधूताईंनी त्याला शिकवलं होतं. वस्तीकडे पाहिलं तर मासेमारांनी होड्या पार घरांच्या भिंतींपर्यंत ओढून ठेवल्या होत्या.

इकडे ललित पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पोरींचे हात धरून पायऱ्यांकडे निघाला होता. त्याच्यामागे सात-आठ जण.

गोपाल धावत जाऊन पायरीवर आडवा उभा राहिला. "कोणी खाली नाई जायाचं."

"अहो भाऊ, वारा नाई, वादळ नाई," ललित म्हणाला. "ते लोक पाण्यातच उभे हायेत. त्यायले काही होऊन रायलं का?"

"अजून मोठ्या लाटा यायाच्या हायेत. त्या जथ्यानं येतात. पाच-सात मोठ्या, मग दहा मिनिटं शांत. आता शांत हाय."

"तुमी आता समुद्राचे डॉक्टर झाले?" मागून कुणीतरी हसलं. ललितला जोर आला. "पुरीच्या यात्रेतही हेच केलं म्हणे तुमी. वादळ येते म्हणून माणसायले दोन दिवस धर्मशाळेत कोंडून ठेवलं, अन् वादळ गेलं दुसरीकडे!"

ते खरं होतं. वादळ दोनशे किलोमीटर वर सरकलं होतं, आणि लोकांनी गोपालला परतीच्या वाटेवर टोचून खाल्लं होतं.

"पोरी वर्षभरापासून समुद्र समुद्र करून रायल्या," ललित आता चिडून म्हणाला. "बाजूले व्हा. भेकड माणसानं यात्रा काढू नये."

त्याचा हात गोपालच्या खांद्याला लागला. गोपाल हलला नाही. एकाएकी, ठरवलेलं नसताना, त्याच्या तोंडून निघालं :

"म्या धाडलं होतं तिले."

"कोणाले?"

"माह्या बायकोले. येथंच. पाणी मांगं गेलं होतं, असंच ऊन होतं. ती वर उभी होती, जाणारबी नव्हती. म्या म्हटलं, जाय ना, पाहून ये. पोरीसाठी शिंपले आन म्हटलं. मले काही माहीत नव्हतं. आता माहीत हाय. आता माहीत असून मी बाजूले कसा होऊ, तुमी सांगा."

ललितचा हात खाली आला. गोपालनं मान वळवली तर कठड्यापाशी मंजुषा वळून त्याच्याकडे पाहत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

ललितनं पोरींना मागे ओढलं. मग तो बांधावर चढला आणि खालच्या अनोळखी माणसांना हात हलवून ओरडायला लागला, "ओ! वर या! वर!" गोपालही ओरडला. खालून कुणीतरी हसून हात हलवला. त्या दुसऱ्या बसच्या माणसांना वाटलं, हे ओळख देत आहेत.

पहिली मोठी लाट मोठी दिसलीच नाही. नुसती एक जाड, गुळगुळीत पाठ किनाऱ्याकडे सरकली, फुटली, आणि तिचं पाणी थांबायचं विसरल्यासारखं वाळू चढत आलं. माणसं किंचाळली, काही पळाली. दुसरी तिच्या पाठीवर आली. तिसरीचं पाणी बांधाला धडकून पायऱ्यांवर उसळलं. गुडघाभरच पाणी, पण परत जाताना त्यानं अशी ओढ घेतली की खालचा एक बाप्या आणि एक बाई बसल्या जागी घसरत समुद्राकडे निघाली. मासेमार जणू याचीच वाट पाहत असावेत. दोघं-तिघं दोर घेऊन धावले, एकानं कमरेला दोर बांधून उडी घेतली. बाप्या लगेच हाती लागला. बाईला पुढच्या दोन लाटा वर-खाली करत राहिल्या, मग तिच्याही दंडाला कुणीतरी धरलं. दोघं वाचली. बाईचा पाय मोडला होता. मासेमारांनी तिला वरच्या पायरीवर आणलं, तोवर मंजुषा तिथे कधी पोचली, कुणाला कळलं नाही. तिनं दोन काठ्या आणि स्वतःची ओढणी घेऊन पाय बांधला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्या बाईचा हात सोडला नाही.

सहा लाटा. मग समुद्र पुन्हा तवा.

जयवंताबाई हळूच पायरीशी वाकली. दगडाच्या खळग्यात लाटेचं पाणी साचलं होतं. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं.

"मावशे, काय करून रायली?" ललितच्या बायकोनं विचारलं.

"चव पाहून रायलो. जन्मभर खारपाणाच्या हिरीचं पाणी पेलो. आमचे लोक म्हणत, येथं पयले समुद्र होता. खरं का खोटं, मले पाह्याचं होतं." तिनं पुन्हा जीभ फिरवली. "आमच्या हिरीचं तं याच्यापुढं गोड हाय वं!"

बाया हसल्या. हसता हसता दोघी-तिघींना रडू आलं.

*

परतीच्या वाटेवर मंजुषा बापाच्या मागच्या सीटवरून उठून पुढे, केबिनमधल्या बाकड्यावर येऊन बसली. मदुराई गेलं, सेलम गेलं, ती बोलली नाही. गोपाल आरशातून तिच्याकडे बघायचा आणि नजर रस्त्यावर आणायचा. त्याला वाटलं, आता ही आपल्याशी कधीच बोलणार नाही. गाडी चालवताना तरी माणसाला बसावंच लागतं. ते बसणं त्याला कधी इतकं जड गेलं नव्हतं.

हैदराबाद मागे पडल्यावर ती म्हणाली, "मले सांगाले एकवीस वर्षं काहून लागली?"

"तू म्हणशीन, बापानं मारलं आईले."

"म्हणली असती. दहावीत असती तं नक्कीच म्हणली असती." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "अजूनबी थोडं वाटते."

गोपालनं मान हलवली. ते त्याला मान्य होतं.

"तिनं काय घातलं होतं?"

"हिरवं पातळ. काठ पिवळा. तुह्या मामानं राखीले घेतलेलं."

"जाताना काही म्हणाली?"

त्याला सगळं लख्ख आठवत होतं, फक्त कुणी विचारलंच नव्हतं. "म्हणाली, माह्या चहावर झाकण ठेवजा, आत्ता येतो."

"ठेवलं?"

"ठेवलं."

मंजुषानं तोंड पदरात घ्यावं तसं दोन्ही हातांत घेतलं. नांदेड येईपर्यंत ती एकेक विचारत राहिली आणि तो सांगत राहिला. शकुनला तिखट किती लागायचं, ती कुणावर चिडायची, तिचा आवाज कसा होता. इतकं तो मागच्या वीस वर्षांत मिळून बोलला नसेल. मध्येच मागून ललित आला, पाण्याची बाटली पुढे धरली आणि परत गेला. अमरावतीत उतरताना त्यानं गोपालचे दोन्ही हात धरले. "मी बोललो ते..." इतकंच म्हणाला. गोपाल म्हणाला, "पोरीयले सुट्टीत चिखलदऱ्याले घेऊन या. वाटेत आमच्या घरी उतरा."

दुसऱ्या दिवशी तो सिंधूताईंकडे गेला. त्या आता ऐंशीला टेकल्या होत्या, कानानं कमी ऐकायच्या. त्यानं सगळं जोरात सांगितलं, ते वाक्यसुद्धा. गल्लीतल्या दोन घरांना ऐकू गेलं असेल. सिंधूताई म्हणाल्या, "अठरा सेकंद होते? नक्की?"

"दोनदा मोजले, बाई."

"मग बरोबर," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. शाळेत कुणाला कधी ठेवला नसेल असा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मंजुषा हजर झाली. गोपालनं फोनवर बजावलं होतं, खोली दुसऱ्या मजल्यावर घे, समुद्राकडे पाठ असलेली. तिनं तळमजल्यावर घेतली; तिथून दवाखाना जवळ होता. जुलैत तो स्वतः पाहायला गेला. पावसाळी समुद्र दिवसरात्र गरजत होता. पहिल्या दिवशी त्यानं दवाखान्यापासून टेकडीपर्यंतची वाट चार वेळा चालून पाहिली, कुठे चिखल आहे, कुठे कुंपण आडवं येतं, ते मंजुषाला सांगितलं. ती वैतागली. मग तिनं वहीत वाट काढून घेतली आणि वॉर्डातल्या बाकीच्या नर्सांनाही दाखवली.

चार दिवस राहायचं ठरवून गेला होता, तिसऱ्याच दिवशी परत निघाला. फुलकोबीची रोपं लावायला आली होती. गाडीत खिडकीची जागा मिळाली. कराडपर्यंत तो बसला, मग उठून दारापाशी उभा राहिला.